गेममधलं पात्र सजवणं आणि सांगलीच्या हळदीची जाहिरात: शिकण्यासारखं काही आहे का?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

सांगलीतल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या ऑनलाइन जाहिराती करणं हा माझा धंदा. हळद घ्या, बेदाणा घ्या, भडंग घ्या, जाहिरात सगळ्यांची एकच: मालाचा फोटो, भाव आणि ‘आजच संपर्क साधा’. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी इन्स्टाग्रामवर ती कुठल्याही पिवळ्या पुडीसारखीच दिसते. यातून बाहेर पडायची वाट व्हिडिओ गेमवाल्यांना कधीच सापडली आहे, असं माझं ठाम मत आहे.

खेळ सुरू होण्याआधी खेळणारा आपलं पात्र घडवत बसतो. केस, नाक, कपडे. तेवढ्यात तो गेम त्याचा होऊन जातो. ‘स्पोर’ नावाचा गेम सप्टेंबर २००८ मध्ये यायचा होता. कंपनीने त्यातला प्राणी घडवायचा भाग जूनमध्येच वेगळा काढून लोकांच्या हाती दिला. काही अवयव फुकट, सगळे हवे असतील तर पैसे. लोकांनी चित्रविचित्र प्राणी बनवून त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. गेम बाजारात येण्याआधीच गिऱ्हाइकं त्याची जाहिरात करत होती!

याला संशोधनाचाही आधार आहे. नॉर्टन, मोचॉन आणि अ‍ॅरिअली यांच्या प्रयोगांत लोकांनी स्वतः घड्या घालून केलेल्या कागदी वस्तूंना जास्त किंमत देऊ केली. मात्र वस्तू अर्धवट राहिली की ही ओढ टिकत नाही, असंही त्यांना दिसलं. म्हणून पर्याय मोजकेच हवेत. गेममध्येही आधी तयार चेहरे समोर येतात, बारीक फेरफार ज्याला हवेत त्याने नंतर करावेत.

माझा प्रस्ताव असा: संक्रांतीच्या वाणासाठी हळद-कुंकवाची डबी. रंग, नक्षी आणि घरच्या नावाची चिठ्ठी गिऱ्हाइकाने मोबाइलवर निवडायची. डबी तिथेच तयार होताना दिसेल, चित्र मैत्रिणींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल. पैशाचं नंतर. बोला.

कृष्णाकाठ

माझा विरोध आहे. मी शिक्षक आहे, दोन मुलांचा बापही आहे. तुम्ही ज्यांना गुरू करायला निघालात त्यांचा दुसरा चेहराही सांगा ना. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या आयोगापुढे ५२ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या खासगीपणाच्या प्रकरणात, २४.५ कोटी फसव्या बटणांपायी. पोशाख नुसता पाहायला जावं, तर शेजारचं बटण दाबलं जाऊन खरेदी व्हायची, असा आयोगाचा आरोप होता. वर रुपये-डॉलरऐवजी गेमचं स्वतःचं नाणं, म्हणजे खर्च किती झाला ते चटकन कळतच नाही. हा सगळा बाजार पात्र सजवण्यावरच उभा आहे. आपल्या आयाबहिणींच्या वाणात ही विद्या आणू नका.

सतारमेकर गल्ली, मिरज

दोघांनाही थोडं सांगतो. गिऱ्हाइकाच्या मनाप्रमाणे वस्तू घडवणं आमच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तानपुऱ्याला गायक आला की पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे त्याच्या मूळ सुराचा: पेटीची काळी एक की काळी चार? भोपळा केवढा, दांडी केवढी, तारा कुठल्या, ते त्यावरून ठरतं. पुढे वेलबुट्टी, पॉलिशचा रंग, खुंट्यांचा घाट हे सगळं त्याच्या आवडीने.

पण जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, आम्ही लावतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासायचा, तार छेडायची, तारेखालचं सूत केसभर पुढे-मागे सरकवून ऐकायचं, पुन्हा घासायचं. जवारी खुली, म्हणजे जास्त गुंजणारी, हवी की बंद एवढं गायकाने सांगावं, बाकी कान आमचा. तिथे गिऱ्हाइकाला दहा बटणं दिली तर वाद्य बिघडेल आणि नाव जाईल मिरजेचं. २०२४ मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्याला मानांकन मिळालं ते या कामामुळे, नक्षीमुळे नव्हे.

म्हणून सजावट त्याची, सूर आमचा. डबी कुणाची कशीही असो, आतली हळद प्रत्येकाला एकाच प्रतीची मिळाली पाहिजे. हे पाळणार असाल तर माझा पाठिंबा.

रात्रीचा स्क्वॉड

काका, गेममध्येही अगदी हेच आहे! फोर्टनाइटमध्ये पोशाख बदलला म्हणून ताकद वाढत नाही. जिथे पैसे देऊन ताकद मिळते त्या गेमवर खेळणारे चिडतात.

पण विश्रामबागकर दादा, एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. आम्ही बीजीएमआय या चौघांनी मिळून खेळायच्या मोबाइल गेममध्ये पोशाख घेतो तो बरोबरचे तिघे बघतात म्हणून. एकट्याने खेळायचं असतं तर कुणी पैसे घातले असते? स्वयंपाकघरातल्या हळदीचा डबा कोण बघतं? रोजच्या अर्धा किलोच्या पुडीला हे चालणार नाही. वाण, लग्नातली हळद, बारसं, एवढ्यापुरतंच ठेवा.

मार्केट यार्डातून

तुमच्या गप्पा छान आहेत, पण पैसा आमचा अडकतो. छापील पाऊच हजारांच्या हिशेबात करून घ्यावे लागतात, वीस-पंचवीस कोण छापून देणार? प्रत्येक पॅकवर बॅच नंबर, तारीख, परवाना क्रमांक लागतोच. नाव घातलेली डबी परत आली की दुसऱ्याला विकता येत नाही. शिवाय संक्रांत एका दिवसावर येते, उशिरा पोचलेलं वाण काय कामाचं? माझा धंदा फोनवरच्या जुन्या गिऱ्हाइकांवर चालतो, त्यांना भाव आणि वास महत्त्वाचा.

विश्रामबागकर (धागाकर्ता)

शेठ, पाऊच बदलायचाच नाही. तोच सीलबंद पाऊच, तीच बॅच. बदलतं ते बाहेरचं खोकं: तीन रंग, चार नक्ष्या, नावाची चिठ्ठी साध्या प्रिंटरवर. कोका-कोलाने २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात बाटल्यांवर नावं छापली, ती १५० ठरावीक नावं होती. दुकानातल्या बाटल्यांवर मागेल त्याचं नाव छापत बसले नव्हते. तरी लोक आपलं नाव शोधत दुकानात गेले. नावाच्या डबीचे पैसे आधी घ्यायचे, म्हणजे परतीचा प्रश्न उरणार नाही.

सतारमेकर काकांची अट मान्य, ती जाहिरातीतच लिहू. वाणापुरतं ठेवायचं हेही पटलं.

सर, तुमचा राग रास्त आहे, पण तो फसवणुकीवर आहे, घडवण्यावर नाही. डबी बनवून बघणं फुकट, किंमत पहिल्या पानावर रुपयांत, पोस्टेजसकट. नावाखेरीज डबी बनवताना काही विचारायचं नाही.

कृष्णाकाठ

डबी बनवताना नाही विचारणार, पण चित्र मैत्रिणीला पाठवलं की तिचा नंबर तुमच्याकडे येणार का? आणि ‘फक्त १० मिनिटं शिल्लक’ असं घड्याळ लावणार का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, खोटी घाई त्यात आहे. दुकानदार भला असला तरी जाहिरातवाला आकडे वाढवायला हे करतोच, हा माझा अनुभव आहे. स्वतः घडवलेल्या वस्तूत जीव गुंततो हे तुम्हीच लिहिलंय. जीव गुंतलेल्या माणसाला घाई करणं मला अन्याय वाटतो.

विश्रामबागकर (धागाकर्ता)

चित्र ती स्वतःच्या फोनवरून पाठवेल, नंबर आमच्याकडे येणार नाही. मुदत मात्र लागेल, कारण कुरिअरला दिवस लागतात. ‘अमुक तारखेपर्यंतची मागणी संक्रांतीआधी पोचेल’ एवढं लिहू.

कृष्णाकाठ

तारीख चालेल. पळतं घड्याळ दिसलं तर इथेच येऊन लिहीन. बाकी माझं मत बदललेलं नाही.

मार्केट यार्डातून

खोक्याचा भाव काढून कळवा. शंभर नग करून बघू, जास्त नाही.