चर्चा धागा: सिकलसेलसाठी जनुकसंपादनाची तयारी आत्ताच करावी, की आधी हायड्रॉक्सीयुरियाची स्वस्त कॅप्सूल घरोघरी पोचवावी?

प्रवर्तक (धागालेखक)

जनुके चालू-बंद कशी होतात, या संशोधनातून थेट रुग्णावरचा उपचार निघाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे, म्हणून विषय इथे मांडतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एक अक्षर बदलते, जीएजीचे जीटीजी होते. त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. गर्भात मात्र बीटाऐवजी गॅमा ग्लोबिन असते आणि ते असे दोरे बनू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद पडते. ते बंद करणारे मुख्य प्रथिन म्हणजे बीसीएल११ए. २००७-०८ च्या जीनोमव्यापी (सगळ्या जनुकसंचाच्या) पाहण्यांत मोठेपणीही गर्भीय हिमोग्लोबिन जास्त राहणाऱ्या लोकांमध्ये या जनुकाजवळचे फरक सापडले. २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी हे प्रथिन गॅमाला दाबते हे दाखवले. २०१३ मध्ये डॅनियल बाउअर यांच्या कामातून कळले की ते फरक जनुकाच्या दुसऱ्या इंट्रॉनमधल्या (प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागातल्या) एका एन्हान्सरमध्ये, म्हणजे जनुकाचा जोर वाढवणाऱ्या तुकड्यात, बसतात आणि हा एन्हान्सर फक्त लाल पेशींच्या वंशात चालतो. २०१५ मध्ये त्यातल्या '+५८' या तुकड्याची जवळजवळ अक्षरागणिक तोडफोड करून नेमका कमकुवत बिंदू सापडला: गाटा१ नावाचे प्रथिन बसते ती जागा.

कॅसजेव्ही हा उपचार रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्पर या जनुककात्रीने तिथेच कापतो आणि त्या पेशी परत देतो. १६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेने त्याला मान्यता दिली. प्रकाशित निकालात पुरेसा काळ पाहिलेल्या ३० पैकी २९ रुग्णांना सलग किमान १२ महिने वेदनेचा तीव्र झटका आला नाही.

माझे मत सरळ आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचे लक्ष्य २०४७ पर्यंत आजाराच्या निर्मूलनाचे आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संस्थेचे बिरसा-१०१ हे देशी क्रिस्पर तंत्र २०२५ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेले आहे. अशा वेळी पेशी गोळा करणे, त्यांच्यावर प्रक्रिया करणे आणि प्रत्यारोपणाचा वॉर्ड ही साखळी नागपुरात आत्ताच उभी करायला घ्यावी. औषध तयार झाल्यावर जागा शोधत बसलो तर आणखी दहा वर्षे जातील.

वैनगंगा

संशोधन थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तुमची मांडणी कात्रीपाशी थांबते. रुग्णासाठी खरा प्रश्न कात्रीच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. क्रम पाहा.

आधी हायड्रॉक्सीयुरिया किमान आठ आठवडे बंद. तेवढाच काळ नियमित रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली ठेवायचे. मग प्लेरिक्साफॉर (मूळ पेशींना मज्जेतून रक्तात आणणारे औषध), किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम, त्वचेखाली, आणि दोन-तीन तासांनी रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या अफेरेसिस यंत्रावर मूळ पेशी गोळा करणे. इतर रुग्णांना याच कामासाठी जीसीएसएफ देतात. सिकलसेलमध्ये ते चालत नाही, पांढऱ्या पेशी एकदम वाढून जीवघेणा झटका येऊ शकतो. एकट्या प्लेरिक्साफॉरवर पेशी कमी निघतात. उद्दिष्ट किलोमागे दोन कोटी सीडी३४ (म्हणजे मूळ) पेशींचे, शिवाय काही बिघडले तर परत द्यायला न कापलेल्या वीस लाख पेशी वेगळ्या राखायच्या. म्हणून बहुतेकांना एकाहून जास्त फेऱ्या लागतात, काहींना सहापर्यंत लागल्या, आणि काही जण पुरेशा पेशी न मिळाल्याने चाचणीतून बाहेर पडले.

त्यानंतर पेशी कारखान्यात जातात. त्या तपासून परत यायला काही महिने लागतात. परत आल्यावर चार दिवस बुसल्फान. हे केमोथेरपीचे औषध अस्थिमज्जा रिकामी करते. रक्तातली पातळी रोज मोजून डोस बदलावा लागतो. जास्त झाला तर यकृताच्या शिरा बंद होतात, कमी पडला तर नव्या पेशींना जागाच होत नाही. नवे न्युट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) यायला सरासरी २७ दिवस, प्लेटलेट्स यायला सुमारे ३५. एवढा काळ गाळलेल्या हवेच्या खोलीत, रोज रक्त तपासत. वंध्यत्वाचा धोका मोठा, म्हणून आधी बीज किंवा शुक्राणू गोठवून ठेवायचे. चाचणीत एका रुग्णाचा कोविडमुळे श्वसन बंद पडून मृत्यू झाला, त्यात बुसल्फानने फुप्फुसाला झालेल्या इजेचा हात असू शकतो अशी नोंद आहे.

आता सांगा, धानोरा किंवा अक्कलकुव्याच्या अठरा वर्षांच्या मुलीसाठी हे आधी, की महिन्याच्या महिन्याला न चुकता मिळणारी कॅप्सूल आधी? अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. भारतात ती दहावा भाग झाली तरी दीड-दोन कोटी रुपये. हायड्रॉक्सीयुरियाही गर्भीय हिमोग्लोबिनच वाढवते, आणि कॅप्सूल काही रुपयांत मिळते.

लालपेशी

मी तिसरीकडून येतो. जनुकसंपादन हवे, पण परदेशी उपचाराची नक्कल इथल्या रुग्णावर जशीच्या तशी बसेल असे धरून चालू नये.

पहिला मुद्दा हॅप्लोटाइपचा, म्हणजे एकत्र वारशाने येणाऱ्या डीएनए-फरकांच्या संचाचा. भारतातल्या बहुतेक सिकलसेल रुग्णांत अरब-भारतीय हॅप्लोटाइप असतो. गॅमा ग्लोबिन जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागाजवळ, -१५८ या जागी, सीऐवजी टी असतो आणि त्यामुळे गर्भीय हिमोग्लोबिन मुळातच १५-२० टक्क्यांच्या आसपास राहते. आफ्रिकी हॅप्लोटाइपांत ते बहुधा याहून बरेच कमी असते. म्हणून भारतातला आजार सौम्य, असे पाठ्यपुस्तकी वाक्य तयार झाले. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र वारंवार तीव्र रुग्ण नोंदवले आहेत. कारण सरासरी फसवी असते. एका लाल पेशीत एकूण सुमारे ३० पिकोग्रॅम हिमोग्लोबिन, आणि पेशी वाकू नये यासाठी त्यात गर्भीय प्रकार साधारण १० पिकोग्रॅम तरी हवा. २० टक्के समान वाटले तर पेशीमागे सहाच येतात. आणि ते समान वाटलेले नसतात, काही पेशी भरलेल्या, काही जवळजवळ कोऱ्या. एन्हान्सर कापण्याचा फायदा इथेच आहे: टक्केवारी ४० च्या वर जातेच, शिवाय ती जवळपास सगळ्या पेशींत पसरते. पण आधीच २० टक्के असलेल्याला मिळणारा जास्तीचा लाभ आणि बुसल्फानचा धोका यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. तो आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या आकड्यांवरून निघणार नाही.

दुसरा मुद्दा भलत्या जागी होणाऱ्या कापाचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले की आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या एका फरकामुळे याच गाइड आरएनएसाठी (कात्रीला जागा दाखवणाऱ्या रेणूसाठी) सीपीएस१ या जनुकात नवी कापण्याजोगी जागा तयार होते. तुलनेसाठी वापरतात त्या संदर्भ जीनोममध्ये तो फरक नाही, म्हणून नेहमीच्या संगणकी शोधात ती जागा सापडत नाही. मग गोंड, माडिया, भिल्ल, पावरा समाजांत असे कोणते फरक आहेत? जीनोमइंडियाने १० हजार भारतीयांचे जीनोम वाचून जानेवारी २०२५ मध्ये माहिती खुली केली, हा मोठा आधार आहे. पण प्रत्येक समाजातून आलेले नमुने मर्यादित असणार, आणि दुर्मीळ फरक शोधायला त्याच समाजातले शेकडो जीनोम लागतात.

प्रवर्तक

वैनगंगा, क्रम अचूक लिहिला आहे, आणि तोच माझा मुद्दा बळकट करतो. तुम्ही सांगितलेल्या अडचणींपैकी क्रिस्परची एकही नाही. अफेरेसिस, बुसल्फानची पातळी मोजणे, गाळलेल्या हवेच्या खोल्या, प्लेटलेट्सचा पुरवठा हे सगळे भावंडाच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणालाही लागतेच. तो उपचार आजही उपलब्ध आहे, फक्त जुळणारे भावंड असण्याची शक्यता प्रत्येकामागे चारात एक. म्हणजे आज उभारलेला वॉर्ड पहिल्या दिवसापासून वापरात येईल, थॅलेसेमियासाठीही.

किमतीबद्दल: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून निघालेल्या नेक्सकार१९ ला (रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच बदललेल्या पेशी देणारी कार-टी पद्धत) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ती परदेशी कार-टी उपचाराच्या साधारण दहाव्या भागात मिळते. वेल्लोरच्या सीएमसीने हिमोफिलिया-एसाठी मूळ पेशींवरचा जनुकोपचार पाच रुग्णांवर केला, निकाल डिसेंबर २०२४ मध्ये छापून आले. मूळ पेशी बाहेर काढून, बदलून परत देता येतात हे देशातल्याच हातांनी दाखवले आहे.

लालपेशी, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर एक विचारतो. गर्भीय हिमोग्लोबिनच वाढवायचे असेल तर वाद राहतोच. मूळ चूकच का दुरुस्त करू नये?

लालपेशी

कारण कापणे सोपे, दुरुस्त करणे अवघड. एन्हान्सर नासवायला साचा (बरोबर क्रमाचा डीएनएचा तुकडा) लागत नाही. कॅस९ ने (क्रिस्परमधल्या कापणाऱ्या प्रथिनाने) दोन्ही धागे तोडले की पेशी ते घाईघाईत जोडते, एक-दोन अक्षरे इकडेतिकडे होतात आणि गाटा१ ची जागा मोडते. तेवढे पुरते. म्हणून ८० टक्क्यांच्या वर प्रती संपादित होतात. अक्षर दुरुस्त करायला साचा सोबत द्यावा लागतो आणि पेशी विभाजनाच्या तयारीत असावी लागते. दीर्घकाळ टिकणाऱ्या मूळ पेशी नेमक्या निवांत असतात. या मार्गाने केलेल्या नुला-सेल या उपचाराच्या पहिल्या रुग्णात रक्तपेशी बराच काळ कमी राहिल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने चाचणी थांबवली.

बेस एडिटिंगने दोन्ही धागे न तोडता अक्षर बदलता येते, पण त्यातही टीचे ए करता येत नाही. जीटीजीचे जीसीजी करता येते. त्यातून मकासर नावाचे निसर्गात आढळणारे, पेशी न वाकवणारे हिमोग्लोबिन तयार होते. मूळ जीएजी परत आणायचे तर प्राइम एडिटिंग (कोणतेही अक्षर बदलू शकणारे नवे तंत्र) हवे, आणि तिथे रुग्णांवरचा अनुभव अजून तोकडा आहे.

आणि कुणी म्हणेल, मग पूर्ण बीसीएल११ए जनुकच बंद करा. ते करू नये. बी लिम्फोसाइट तयार व्हायला ते लागते, मेंदूच्या वाढीला लागते, मूळ पेशींना स्वतःलाही लागते. जन्मतः एक प्रत बिघडलेल्या मुलांत गर्भीय हिमोग्लोबिन चढे असते आणि बौद्धिक वाढ खुंटलेली असते. एन्हान्सरच्या शोधाचे मोल यात आहे: तेच जनुक, पण फक्त लाल पेशींत मंद करायचे.

सातपुडा

तिघेही रुग्ण निश्चित झाला आहे असे धरून बोलत आहात. मोहिमेचे उद्दिष्ट ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी. गावपातळीवर पहिली चाचणी सोल्युबिलिटीची, सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते. ती स्वस्त आहे, पण तिच्या खोड्या माहीत हव्यात.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती निरुपयोगी, कारण गर्भीय हिमोग्लोबिन अजून भरपूर असते. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर द्रावण पुरेसे गढूळ होत नाही आणि खरा रुग्णही 'नाही' म्हणून सुटतो. अशा वेळी रक्ताचे प्रमाण दुप्पट करून पुन्हा पाहावे. अभिकर्मक जुना किंवा उन्हात राहिलेला असेल तरी तेच. आणि 'आहे' आले तरी एएस (एका प्रतीत दोष, वाहक) की एसएस (दोन्ही प्रतींत दोष, रुग्ण) हे कळत नाहीच, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर एचपीएलसीत दात्याचे हिमोग्लोबिन दिसते आणि एसएस रुग्ण एएस भासू शकतो. प्रत्येक नमुन्याच्या कागदावर 'शेवटचे रक्त कधी चढवले' हा रकाना भरलाच पाहिजे, तो रिकामा आला तर नमुना परत पाठवावा.

लालपेशींना हवे असलेले शेकडो जीनोमही याच नमुन्यांतून, रीतसर संमती घेऊन, मिळू शकतात. चंद्रपूरला रक्तविकारांवरचे आयसीएमआरचे केंद्र आहे. वाचन तिथून सुरू करावे.

वैनगंगा

सातपुडा यांच्याशी सहमत. प्रवर्तक, वॉर्ड थॅलेसेमियालाही लागेल हे मान्य. माझा विरोध पैशांच्या क्रमाला आहे, तो कायम आहे. वेल्लोरचा दाखलाही इथे लागू होत नाही, हिमोफिलियात थोड्या बदललेल्या पेशी पुरतात, सिकलसेलमध्ये मज्जेचा मोठा हिस्सा बदलावा लागतो. शिवाय 'हायड्रॉक्सीयुरिया देऊन पाहिले, फरक पडत नाही' असे सर्रास ऐकू येते, त्यामागची कारणे साधी आहेत.

परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. हे पहिल्या दिवशी सांगितले नाही तर दुसऱ्या महिन्यात गोळ्या बंद होतात. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. १५ किलोच्या मुलाला किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे रोज १५० हवे. घरी कॅप्सूल उघडून अंदाजे भुकटी देणे चुकीचे, डोस रोज बदलतो आणि पेशीमारक औषध आईच्या हाताला लागते. रुग्णालयाच्या फार्मसीत १०० मिलिग्रॅमला एक मिलिलिटर असे द्रावण करून सोबत खुणा असलेली सिरिंज द्यावी. न्युट्रोफिल २००० च्या किंवा प्लेटलेट्स ८० हजारांच्या खाली गेल्या तर औषध थांबवायचे, पेशी सावरल्या की कमी डोसने पुन्हा सुरू. नागपुरातच झालेल्या अभ्यासात मुलांना १० मिलिग्रॅमच्या ठरावीक डोसनेही झटके स्पष्टपणे कमी झाले होते, आणि कमी डोसला रक्त तपासण्याचा ताणही कमी. रुग्ण औषध घेतो की नाही हे विचारण्याऐवजी एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) पाहावा, घेत असेल तर तो हळूहळू चढतो.

हे नीट झाले, पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्युमोकॉकलची लस नीट झाली, तरी काही जणांना झटके, छातीचा सिंड्रोम (फुप्फुसाचा तीव्र झटका) किंवा पक्षाघात होईलच. जनुकोपचाराची यादी त्यांच्यापासून सुरू व्हावी.

लालपेशी

ही यादी मला मान्य आहे, एक दुरुस्ती जोडतो. यादीत नाव येण्याआधी रुग्णाचा पूर्ण जीनोम वाचावा आणि गाइडच्या संभाव्य भलत्या जागा त्याच्याच क्रमावर शोधाव्यात. संशय आलेल्या जागा त्याच्याच काही पेशी संपादित करून, खोल वाचनाने (तीच जागा हजारो वेळा वाचून) तपासाव्यात. अल्फाजीनोमसारखी एआय मॉडेल दहा लाख अक्षरांचा पट्टा घेऊन एखाद्या फरकाने नियमन कसे बदलेल याचा अंदाज देतात. कुठे बघायचे हे ठरवायला ती उपयोगी, पण अंदाजावर रुग्णाची मज्जा रिकामी करता येत नाही.

आणि बुसल्फान टाळायचे असेल तर शरीरातच संपादन हवे. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका बाळाच्या सीपीएस१ मधल्या दोषावर खास बनवलेला बेस एडिटर मेदकणांतून (मेदाच्या अतिसूक्ष्म कणांतून) दिला गेला, कारण मेदकण आपोआप यकृतात जातात. मज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत ते तितक्या सहज पोचत नाहीत. तो मार्ग खुला होईपर्यंत वॉर्ड लागणारच आहे.

प्रवर्तक

मग नागपूरसाठी मागणी अशी लिहितो: प्रत्यारोपणाच्या मोजक्या खाटा, अफेरेसिसचे एक यंत्र, बुसल्फानची पातळी त्याच दिवशी कळवणारी प्रयोगशाळा, आणि द्रव नायट्रोजनच्या वाफेत उणे १३५ अंशांखाली पेशी ठेवण्याची सोय. वैनगंगा, हायड्रॉक्सीयुरियाच्या द्रावणाचा आणि सिरिंजचा मुद्दा याच अर्जात पहिला घालतो. सातपुडा, रक्त चढवल्याच्या तारखेचा रकाना असलेला नमुना-कागद इथे टाकाल का? तो जोडूनच अर्ज पुढे पाठवू.