एक शब्द बोलून अ‍ॅलन पडला, फोटो सापडूनही नॉर्दम टिकला, असं कसं?

धनकवडीकर:
मंडळी, इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. बहीण व्हर्जिनियात असते, हर्नडनला, तिच्याकडून तिकडचे दोन किस्से ऐकले आणि मला काही मेळ लागेना.

पहिला २००६ चा. जॉर्ज अ‍ॅलन हा तिथला रिपब्लिकन सिनेटर, त्याच्या सभेत विरोधी उमेदवाराच्या टीमचा भारतीय वंशाचा एक पोरगा व्हिडिओ काढत होता, तर अ‍ॅलनने भर सभेत त्याला 'मकाका' म्हटलं, म्हणजे माकडाची एक जात, आणि वर अमेरिकेत स्वागत आहे वगैरे सुनावलं, पोरगा तर व्हर्जिनियातच जन्मलेला! त्यावरून एवढा गदारोळ झाला की ज्याचं नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी घेत होते तो माणूस सिनेटची सीटच घालवून बसला. दुसरा २०१९ चा. गव्हर्नर राल्फ नॉर्दम, डेमोक्रॅट, त्याच्या मेडिकल कॉलेजच्या १९८४ च्या इयरबुकात त्याच्याच पानावर फोटो निघाला, एकाने तोंड काळं रंगवलंय आणि शेजारचा कू क्लक्स क्लानच्या, म्हणजे काळ्यांवर अत्याचार करणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीच्या, झग्यात. सगळे राजीनामा मागत होते, पण हा गडी टर्म पूर्ण करूनच गेला.

मग लोकांचा राग खरा कधी असतो आणि नाटक कधी? आणि एक बाळबोध प्रश्न, हसू नका, तोंड रंगवण्यात एवढं काय आहे? आमच्या शाळेच्या गॅदरिंगला राक्षस व्हायला कोळसाच फासायचे.

सुलभा_रिचमंड:
हसत नाही हो, मी इथे नवीन आले तेव्हा मलाही कुणीतरी सांगावं लागलं होतं. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंड काळं करून 'जिम क्रो' नावाचं पात्र रंगवायचा, काळा माणूस कसा वेडगळ, आळशी, नाचरा ते दाखवायचं आणि गोऱ्या पब्लिकने खिदळायचं. तसे खेळ पुढे कितीतरी दशकं गावोगाव चालले, आणि नंतर काळ्यांना वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ देणारे जे कायदे आले त्यांना नाव पडलं तेही जिम क्रोच. म्हणजे करमणूक आणि कायदा एकाच घरचे. आमच्या व्हर्जिनियात तर प्रिन्स एडवर्ड काउंटीने काळी-गोरी पोरं एकत्र बसवायला नकोत म्हणून १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. तेव्हा घरी बसलेली पोरं आज आजी-आजोबा आहेत, मतदान करतात. त्यांच्यासमोर तो फोटो आला.

आणि नॉर्दमने तो सगळा प्रकार हाताळला इतका वाईट की काय सांगू. पहिल्या दिवशी म्हणाला फोटोत मी आहे, माफ करा. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन म्हणाला तो मी नव्हेच, पण हो, त्याच वर्षी एका डान्स स्पर्धेत मायकल जॅक्सन व्हायला गालाला थोडं बूटपॉलिश लावलं होतं. एका पत्रकाराने विचारलं अजून मूनवॉक येतो का, तर हा बाबा आजूबाजूला जागा बघायला लागला, शेवटी शेजारी उभ्या बायकोने सांगितलं की ही वेळ नाही. मी टीव्हीसमोर कपाळाला हात लावला. पुढे कॉलेजने वकिलांची फर्म लावून चौकशी केली, त्यांनाही फोटोत कोण आहे ते ठरवता आलं नाही.

खवट_म्हातारा:
राग बिग काही नाही, सगळी गणितं असतात. नॉर्दम गेला असता तर पुढचा नंबर लेफ्टनंट गव्हर्नर जस्टिन फेअरफॅक्सचा, त्याच्यावर त्याच आठवड्यात दोन बायकांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले (त्याने नाकारले). त्याच्यानंतर अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील, मार्क हेरिंग, तर त्याने स्वतःहून सांगितलं की १९८० मध्ये कॉलेजच्या पार्टीत मीही तोंड काळं केलं होतं, आणि चारच दिवस आधी हाच नॉर्दमकडे राजीनामा मागत होता! चौथा नंबर विधानसभेचा स्पीकर, तो रिपब्लिकन. बरं तो स्पीकर तरी कसा झाला, एका मतदारसंघात दोघांना ११,६०८ - ११,६०८ अशी सारखी मतं पडली म्हणून वाडग्यातून चिठ्ठी काढली, ती रिपब्लिकन निघाली आणि सभागृह ५१-४९ झालं. आता सांगा, कुठला डेमोक्रॅट म्हणेल की जाऊ द्या तिघांनाही? सुरुवातीला ओरडले सगळे, बायडन, कमला हॅरिस, सगळेच, मग हळूच गप्प.

आपल्याकडे पुढाऱ्याच्या तोंडाला काळं दुसरे फासतात, तिकडे स्वतःच फासून घेतात आणि फोटोही काढतात, एवढाच काय तो फरक. तिथल्या लोकांचाही विश्वास उडालाय, प्यू रिसर्च या संस्थेने जुन्या-नव्या पाहण्या एकत्र मांडल्यात, त्यात १९६४ मध्ये ७७ टक्के लोक म्हणायचे वॉशिंग्टनच्या सरकारवर बहुतेक वेळा भरवसा आहे, व्हिएतनाम झालं, वॉटरगेट झालं, आता तो आकडा विशीच्या आसपास घुटमळतोय.

अनिकेत_डी:
काका, गणित मान्य, पण अर्धंच. त्या वेळी वॉशिंग्टन पोस्टने व्हर्जिनियात पोल घेतला होता, त्यात नॉर्दमने जावं की राहावं यावर ४७-४७ टक्के अशी फाळणी होती, पण ब्लॅक लोकांमध्ये ५८ टक्के म्हणत होते राहू दे. ज्यांचा अपमान झाला तेच जास्त शांत! आता याचा अर्थ त्यांना राग आला नाही असा कुणी काढला तर माझ्याशी भांडण आहे. मला दिसतं ते असं की त्यांना नेत्यांकडून पहिल्यापासूनच फार अपेक्षा नव्हत्या, त्यामुळे धक्का कमी आणि हिशोब जास्त. हा खुर्चीत राहिला तर आता आमचं देणं लागतो, ते वसूल करू.

आणि वसूल केलं की! माफीनंतरच्या मुलाखतीत हाच माणूस १६१९ मध्ये आणलेल्या आफ्रिकी लोकांना 'करारावरचे नोकर' म्हणाला होता आणि मुलाखत घेणाऱ्या गेल किंग या पत्रकार बाईने तिथल्या तिथे दुरुस्त केलं की याला गुलामगिरी म्हणतात. पण त्याच्याच कारकिर्दीत २०२१ मध्ये व्हर्जिनियाने फाशी रद्द केली, दक्षिणेतलं पहिलं राज्य, आणि फाशी देण्यात एकूण इतिहासात हेच राज्य सगळ्यांच्या पुढे होतं. राजधानी रिचमंडमधला जनरल लीचा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या सेनापतीचा, १८९० पासूनचा पुतळाही त्याच वर्षी उतरला, अर्थात पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला मारल्यानंतर रस्त्यावर आलेल्या लोकांशिवाय ते झालं नसतं.

धनकवडीकर:
हे आवडलं. पण मग अ‍ॅलनकडून का नाही वसूल केलं कुणी? त्याला सरळ घरीच बसवला.

अनिकेत_डी:
कारण तीन महिन्यांवर निवडणूक होती हो! ऑगस्टमध्ये बोलला, नोव्हेंबरमध्ये मतदान, यूट्यूब नवीन नवीन होतं आणि ती क्लिप जो तो बघत होता. तरी हरला किती मतांनी, तेवीस लाखांवर मतदान होऊन जेमतेम नऊ हजारांनी. म्हणजे निम्म्या लोकांनी ते ऐकूनही त्यालाच मत दिलं. आणि त्या एका सीटने अख्खी सिनेट डेमोक्रॅट्सकडे गेली. नॉर्दमला परत मतं मागायचीच नव्हती, व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही, मग त्याला पाडणार कोण आणि कधी?

सुलभा_रिचमंड:
अनिकेत, +१. फक्त ते 'शांत' म्हणालास ना, तसं सरसकट नव्हतं रे. माझ्या ऑफिसातली एक ब्लॅक मैत्रीण शेवटपर्यंत म्हणायची की त्याने जायलाच हवं होतं, तिची आई म्हणायची राहू दे, आणि दोघी एकाच गाडीने कामावर यायच्या.

खवट_म्हातारा:
हेरिंगचं पुढे काय झालं तेही सांगा की. २०२१ ला परत उभा राहिला, तर पक्षांतर्गत निवडणुकीत नॉर्दमने पाठिंबा दिला त्याच्या विरोधातल्या जे जोन्स या ब्लॅक उमेदवाराला. तरी हेरिंगच जिंकला, आणि नोव्हेंबरात रिपब्लिकनांकडून हरला.