पावसात काम होतं, हेडफोन लावून होत नाही. असं का?

पाटोकरीण
पणजीला पाटोवर, घरं विकणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघते. अख्खा मजला मोकळा, भिंत नाही की केबिन नाही. विक्रीवाले माझ्यापासून दोन हातांवर. १४ तारखेला जीएसटीची २बी (खरेदीच्या बिलांची यादी) आली की ती आमच्या बिलांशी जुळवून २० च्या आत ३बी (महिन्याचं विवरणपत्र) भरायची, आणि नेमकं तेव्हाच यांचं सुरू होतं, "हां जी सर, आसगाव में ही है, बीच दस मिनट." (दहा मिनिटं म्हणे. शनिवारी संध्याकाळी जाऊन दाखव.) बिलाचा आकडा मनात धरून दुसऱ्या खिडकीत जाते, तोवर कानावर "दो करोड़ चालीस" पडतं आणि माझा आकडा गुल. परत मागे.

आवाज कापणारे महागडे हेडफोन घेतले. एसीची घरघर गेली, पण 'सरजी' आधीपेक्षा स्पष्ट ऐकू यायला लागले! उलट जुलैत गॅलरीच्या पत्र्यावर पाऊस कोसळायचा, एवढा गोंगाट, तरी जुळवणी झरझर व्हायची. काय गौडबंगाल आहे हे? साहेबांकडे तक्रार नको, विक्रीवर तर आमचा पगार.

नुस्तेंखाऊ
फोमचे बोळे घे गो बाय. बोटांत वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे, फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते टेकवलेस तर पैसे पाण्यात.

फोंड्याचा सीलिंगवाला
ताई, गौडबंगाल काही नाही. तुम्हाला आवाजाचा त्रास नाही, शब्दांचा आहे. ते हेडफोन एसीसारखी एकसुरी, खर्जातली घरघर चांगली कापतात, बोलणं तेवढं कापत नाहीत. म्हणजे शब्दांवरचं पांघरूण तुम्हीच पैसे देऊन काढलंत. पावसाने ते परत घातलं. त्याच हेडफोनवर पावसाचा आवाज लावा, बारीकच. गाणी नकोत, गाण्यातही शब्द असतात. फोनवरचं एकतर्फी बोलणं तर जास्तच छळतं. २०१० मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं होतं: दोघांचा पूर्ण संवाद ऐकताना लोकांचं लक्ष तेवढं ढळलं नाही, अर्धाच ऐकताना ढळलं. पुढचा काय म्हणाला असेल हे डोकं आपसूक जुळवत बसतं.

आता माझ्या धंद्याचं. वर साधं जिप्समचं सीलिंग, खाली लादी, बाजूला काच असेल तर शब्द सगळीकडून परततात. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, बोलणं त्याने अडत नाही. दोन टेबलांच्या मधे, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच पडदा (कापडी नव्हे, आत भरण घातलेली उभी चौकट) हवा आणि वरचं सीलिंग आवाज शोषणारं हवं. सीलिंग तसंच ठेवलं तर आवाज पडद्यावरून उडी मारून येतो. कार्पेट सुचवणाऱ्याला एक पावसाळा गोव्यात ठेवा, वास घेऊन गप्प बसेल.

फोन माझाच
मी त्या 'सरजी'वाल्यांपैकी, दुसऱ्या कंपनीत. आम्ही हौसेने ओरडत नाही हो. शेजारचा मोठ्याने बोलला की आपलाही आवाज नकळत चढतो, मग तिसऱ्याचा. आमच्याकडे जिन्याशेजारच्या स्टोअररूममधली जुनी खोकी हलवून तिथे एक खुर्ची टाकली. लांबलचक फोन तिथून. सांगणारी हिशेबवालीच होती, पण साहेबांकडे गेली नाही. चहाच्या वेळी आम्हालाच म्हणाली, "१४ ते २० एवढे दिवस सांभाळून घ्या, तुमचं कमिशनही मीच काढते." लगेच पटलं.

पाटोकरीण
हे कमिशनचं भारी! उद्याच वापरते. पाऊस लावून बघितला, सरजी फक्त गुणगुणतात आता. देव बरें करूं. सीलिंगवाले दादा, पडद्यात रॉकवूल (दगडापासून केलेला लोकरीसारखा कापूस) भरलं तर जून-जुलैत बुरशी धरेल का?

फोंड्याचा सीलिंगवाला
रॉकवूलला सहसा नाही, वरच्या कापडाला धरते. कापड काढून धुता येईल असं लावून घ्या, आणि पडदा ओल आलेल्या भिंतीला टेकवू नका.