स्टेहीकिनला केबिन घेताय? आधी हे बघा

सिॲटलहून वीकेंडला जाऊन-येऊन राहू, तिघं भावंडं मिळून घेऊ म्हणताय, आयडिया झकास आहे, पण स्टेहीकिन म्हणजे लोणावळ्याचा बंगला नव्हे हो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, लेक शेलॅन या लांबलचक तलावाच्या पार वरच्या टोकाला आहे ते, बाहेरून रस्ताच नाही, शेलॅन गावाहून 80 किलोमीटर बोटीने जायचं नाहीतर सीप्लेन नाहीतर डोंगरातून पायी. म्हणजे फ्रीज बिघडला की नवा बार्जवर, म्हणजे मालवाहू बोटीवर, चढवून आणा आणि जुनाही तसाच परत धाडा! हिवाळ्यात फेऱ्या कमी, त्यामुळे शुक्रवारी निघून रविवारी परत हे जमेलच असं धरून चालू नका.

आजूबाजूची बहुतेक जमीन 1968 पासून नॅशनल पार्कवाल्यांकडे, खाजगी प्लॉट मोजकेच, आणि काहींवर बांधकामाची बंधनं असतात, तेव्हा टायटल, म्हणजे मालकीहक्काची कागदपत्रं, वकिलाकडून नीट वाचून घ्या.

मला खरी धास्ती वणव्याची. 2024 च्या पायोनियर फायरमध्ये गाव खाली करायला सांगितलं होतं. म्हणून ऑफर टाकायच्या आधी इन्शुरन्सचं कोटेशन मागवा. आणि थंडीआधी पाइपातलं पाणी काढायला दरवर्षी कोण जाणार ते तिघांत आत्ताच ठरवा, नाहीतर पाणी गोठून एप्रिलमध्ये फुटलेले पाइप आणि भावाभावांत भांडण.