क्लेमंट अ‍ॅटली : ईस्ट एंडमधलं काम आणि १९४८ चे कायदे

कट्टेकरी
समाजकार्याच्या वर्गासाठी अ‍ॅटलींवर टिपण लिहितोय. आपल्याकडे ते १९४७ चे ब्रिटिश पंतप्रधान म्हणूनच माहीत. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये त्यांनी नेमकं काय केलं आणि पुढच्या कायद्यांत त्याचा धागा कुठे सापडतो? 'गरिबी पाहून कळवळा आला' याच्या पलीकडचं हवंय.

टेम्सकाठ
१९०५ मध्ये ते ईस्ट एंडमधल्या स्टेपनी या कामगारवस्तीतल्या हेलीबरी हाउसमध्ये जाऊ लागले. त्यांच्याच जुन्या शाळेच्या मदतीवर चालणारा, कामाला जाणाऱ्या पोरांचा हा क्लब. संध्याकाळी कवायत आणि खेळ. १९०७ ते १९०९ ते तिथेच राहून व्यवस्थापक होते, पगार वर्षाला ५० पौंड. बॅरिस्टरची सनद हातात असून वकिलीत ते रमले नाहीत.

क्लबची मर्यादा तिथेच दिसते. पोरगा शिस्तीत आला, तरी बाप गोदीवर रोजंदारीला. सकाळी मुकादमाने निवडलं तर काम, नाही तर घरी परत. आई नगावर शिवणकाम करणार. क्लबने यातलं काहीच बदलत नव्हतं. १९०८ मध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टी या समाजवादी पक्षात गेले ते यामुळे. गोदी कामगारांना काम नसलेल्या दिवसांचाही हजेरीभत्ता देणारी योजना १९४७ ची, त्यांच्याच सरकारची. तुम्हाला हवा तो पहिला धागा हाच.

जुनी_कात्रणं
दुसरा धागा १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा. तो लोकांना समजावून सांगायला सरकारने माणसं नेमली, त्यांत अ‍ॅटली होते. हिशेब असा : आठवड्याला पुरुष कामगाराचे ४ पेन्स, मालकाचे ३, सरकारचे २. आजारपणात पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग, २६ आठवडे.

भोकं कुठे होती ते टिपणात जरूर लिहा. डॉक्टर मिळायचा तो फक्त विमा असलेल्या कामगाराला. नोकरी न करणारी बायको आणि मुलं बाहेर. क्षयाचं आरोग्यधाम सोडलं तर रुग्णालयाचा खर्चही नाही. ५ जुलै १९४८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने नेमकी हीच भोकं बुजवली : सगळ्यांना उपचार, विम्याचे हप्ते भरलेत का हे न विचारता. त्याच दिवशी गरजूंना सरकारी मदत देणारा राष्ट्रीय साहाय्य कायदा लागू झाला आणि निराधारांना अपमानास्पद अटींवर मदत देणारा जुना गरीब कायदा, म्हणजे पुअर लॉ, संपला. हा पुअर लॉ मोडावा म्हणून समाजसुधारक बीट्रिस वेब यांनी चालवलेल्या मोहिमेत अ‍ॅटलींनी काम केलं होतं.

कट्टेकरी
छान! 'दानधर्म ही थंड, करडी, प्रेमहीन गोष्ट आहे' हे त्यांचं वाक्य घेऊ ना?

टेम्सकाठ
अवतरणचिन्हांत नको. १९२० च्या 'द सोशल वर्कर' या त्यांच्या पुस्तकातला विचार चरित्रकार फ्रान्सिस बेकेट यांनी आपल्या शब्दांत मांडला, तो पुढे अ‍ॅटलींच्या नावावर फिरू लागला. दात्याच्या मर्जीवरची मदत घेणाऱ्याला मिंधं करते, म्हणून ती हक्काची हवी, एवढा आशय घ्या.

आणि मधला टप्पा गाळू नका. १९१९ मध्ये ते स्टेपनीचे महापौर झाले. भाडं वसूल करून दुरुस्ती न करणाऱ्या घरमालकांना पालिकेने नोटिसा काढल्या, त्यांची अंमलबजावणी केली. आरोग्यसेविका आणि स्वच्छता निरीक्षक नेमले. पालिकेच्या हातात कायदा आला की काय होतं ते त्यांनी इथे पाहिलं. १९२२ मध्ये स्टेपनीतल्याच लाइमहाउसमधून ते खासदार झाले.

पानफुटी
सगळं श्रेय त्यांच्या पदरात टाकू नका. आराखडा सामाजिक सुरक्षेवरच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालाचा, आरोग्य सेवा उभी केली आरोग्यमंत्री अन्युरिन बेवन यांनी, नवं राष्ट्रीय विमा विधेयक संसदेत नेलं मंत्री जेम्स ग्रिफिथ्स यांनी. अ‍ॅटलींचं मोठं काम म्हणजे एकमेकांशी न पटणारे तालेवार मंत्री एका सरकारात टिकवणं. आरोग्य सेवेतून फुकट मिळणाऱ्या चष्म्यांचा आणि कवळ्यांचा खर्च अंदाजाबाहेर गेला, १९५१ मध्ये त्यांवर शुल्क लावायचं ठरलं आणि बेवन यांनी राजीनामा दिला.

जुनी_कात्रणं
महाराष्ट्राशी दुवा हवा असेल तर तोही आहे. ज्याला 'परत जा' म्हणून काळे झेंडे दाखवले त्या सायमन आयोगाच्या ७ सदस्यांत अ‍ॅटली होते. डॉ. आंबेडकरांनी याच आयोगापुढे २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात साक्ष दिली. ती छापील उपलब्ध आहे, मूळातून वाचा.