गाइड पिलर तिरका बसला, काढू का?

घरच्या शेडमध्ये छोटा डाय सेट (पत्रा कापायचा साचा बसवायच्या वरच्या-खालच्या दोन प्लेटा) करतोय. बॉटम प्लेटच्या भोकात २५ मिमीचा पिलर, म्हणजे वरची प्लेट सरळ खाली आणणारा खांब, जॅकच्या प्रेसवर दाबला. निम्मा गेल्यावर गुण्या लावला, तर वरच्या टोकाला उजेड दिसतोय. पिलर भोकापेक्षा ०.०२ मिमी मोठा आहे. तसाच दाबू का?

— अजिबात नको. तिरका पिलर भोकाची भिंत खरवडत जातो, मग पकड राहत नाही. काढा आणि आत बोट फिरवून बघा.

— माझे दोन असेच वाया गेले, आता मी दाबतच नाही. प्लेट ओव्हनमध्ये १५० अंशांवर, पिलर रात्रभर फ्रीजरमध्ये. २५ मिमीचं भोक तेवढ्यानं जवळपास ०.०३५ मिमी उघडतं. पिलरवर दव धरतं, ते पुसायचं आणि सरळ सोडायचा. टप्पकन बसतो. मध्ये थबकलात तर मात्र तिथेच धरतो, मग बसा बोंबलत! आणि हातमोजे जाड घाला.

— काढला. ओरखडा एकच, बारीक. पिलरच्या तोंडाला उतार द्यायचाच राहिला होता, चूक माझीच. आधी तो घासतो, मग ओव्हन. बायकोला अजून सांगितलेलं नाही.