प्लास्टिक पॅलेट कुठल्या साइजचं घ्यावं? १२००×८०० की १२००×१००० मिमी? (काजू एक्सपोर्ट, कुंडई)

कुंडईचा_गोडाऊनवाला
नमस्कार मंडळी. गोव्यात कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं काजूचं छोटं युनिट आहे, गोडाऊन आणि डिस्पॅच माझ्या गळ्यात. आजवर माल दुबईला जायचा तो सगळा लूज, म्हणजे वीस फुटी कंटेनरात हमाल हातानं खोके रचायचे, ७०० खोके बसायचे, दार लावलं की विषय संपला. आता हॉलंडचा नवीन बायर आलाय आणि त्याच्या मेलमध्ये एकच ओळ आहे, माल प्लास्टिक पॅलेटवर (खोके रचून खालून फोर्कनं उचलायचा पाट) पाहिजे, फूड ग्रेड. साइजचं नाव नाही. डीलरला फोन केला तर म्हणतो साहेब १२००×८००, १२००×१०००, ११००×११००, कुठलं पण घ्या सगळं चालतं. सगळं चालतं म्हणजे त्याच्याकडे जे पडून आहे ते चालतं असं मला वाटायला लागलंय.

खोका ४००×३००, उंची ३५० मिमी, आत व्हॅक्यूम पाऊच, नेट २२.६८ किलो. त्यात मालक म्हणतात घेतोच आहोत तर गोडाऊनला पण हेच पॅलेट वापरू, दोन लेव्हलचा रॅक करायचाय, कारण पावसात फरशीला अशी ओल येते की खालचा थर सप्टेंबरपर्यंत हाताला मऊ लागतो. कुणी वापरत असेल तर सांगा, एकदा ऑर्डर दिली की परत घेणार नाही म्हणतोय तो.

वेर्णा_डिस्पॅच
भाऊ, साइज नंतर, आधी पॅलेट उलटं करून खालून बघा. मी वेर्ण्याला औषधाच्या कंपनीत स्टोअरला आहे, आमच्याकडे हा घोळ झालेला. खरेदीवाल्यानं स्वस्त बघून नऊ पायांचं पॅलेट आणलं, ते ग्लासासारखं एकात एक बसतं ते. साइज बरोबर १२००×१०००, कागदावर लोड दीड टन, सगळे खूश. रॅकवर चढवलं तर पाय बीमवर (रॅकच्या आडव्या दांड्यांवर) टेकतच नाहीत, कडेचे कसेबसे अडकले आणि मधली रांग अधांतरी. तिसऱ्या दिवशी बघतो तर मधोमध झोळी झालेली, खाटेला जुनी सुतळी असली की पडते ना तशी. माल उतरवेपर्यंत जीव मुठीत, खालून कोणाला जाऊ दिलं नाही.

डीलर जो आकडा सांगतो तो नेमका कुठला ते विचारा. तीन वेगळे आकडे असतात, जमिनीवर एकावर एक ठेवून किती, फोर्कलिफ्टवर उचलून किती आणि रॅकच्या दोन बीमवर किती. पहिला सगळ्यात मोठा असतो आणि तोच ठोकून सांगतात, रॅकचा सगळ्यात कमी. तुम्हाला रॅक करायचाय तर खाली तीन आडव्या पट्ट्या किंवा पूर्ण चौकट असलेलं पॅलेट लागेल, रॅकचा आकडा लेखी घ्या. ते वजनाला २० किलोच्या आसपास जातं आणि किंमतही तशीच. नऊ पायवालं ७-८ किलोचं, ते एकदा गेलं की परत न येणाऱ्या मालाला ठीक. म्हणजे मालकांना सांगा, एकच पॅलेट दोन्हीकडे हा हट्ट सोडा. रॅकचं पॅलेट हॉलंडला पाठवून द्यायचं म्हणजे पाहुण्याला जेवण वाढून वर ताट पण त्याच्याच हातात देण्यासारखं.

रॅकवाल्याला बोलवायच्या आधी पॅलेट फायनल करा. १००० ची बाजू समोर ठेवून एका खणात दोन पॅलेट ठेवणार असाल तर बीम २३०० चा लागतो, १२०० ची बाजू समोर आली तर २७०० चा. आमच्याकडे रॅक आधी आला होता, पुढचं सांगत नाही.

कंटेनरची_गणितं
वास्कोला फॉरवर्डिंगमध्ये आहे, रोज हेच काम. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ रुंद, आणि दाराची उंची २.२८. छत त्याहून वर असतं पण माल शेवटी दारातूनच जाणार.

१२००×८०० बसतात ११. १२००×१००० बसतात १०. आकडा बघून लोक ८०० वालं घेतात, ११ म्हणजे जास्त ना. आता तुमचा खोका ठेवून बघा. १२००×८०० वर एका थरात ८ खोके, १२००×१००० वर १०, एक इंच वाया न जाता (चार खोके एका दिशेनं, सहा आडवे). पाच थर लावले तर उंची १७५० आणि पॅलेट १५०, झाले १९००. सहावा थर लावला की २२५०, कागदावर दारातून जातं पण फोर्कनं उचललं की वर घासणार, नाद सोडा. म्हणजे ८०० वाल्यात ४४० खोके आणि १००० वाल्यात ५००. पॅलेट कमी आणि माल जास्त.

पण ते १० बसवायला काही पॅलेट फिरवून लावावी लागतात, एक रांग उभी आणि एक आडवी अशा सरळ दोन रांगा लावल्या तर ९ वरच थांबाल. म्हणून चारही बाजूंनी फोर्क जाणारं घ्या, दोन बाजूंचं घेतलंत तर फिरवलेलं पॅलेट कंटेनरात उचलणार कसं? आणि एक गंमत सांगतो, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. आपल्या साध्या हँड पॅलेटचा (हातानं ओढायची पॅलेटची ट्रॉली) फोर्क ११५० लांब असतो. १२०० च्या बाजूनं आत घातला की खोली १०००, म्हणजे दीडशे मिमी पलीकडे बाहेर येतो आणि पुढच्या पॅलेटच्या खाली शिरतो. पोरानं जोरात पंप मारला, पुढचं पॅलेट एका कडेनं वर, त्यावरचे खोके कंटेनरच्या भिंतीला टेकले आणि दोन फाटले. तेव्हापासून फोर्कवर टोकापासून १००० वर लाल टेप चिकटवलीय, टेप दिसायची बंद व्हायच्या आत थांबायचं.

देशाप्रमाणे सांगायचं तर युरोपात १२००×८०० पण चालतं आणि १२००×१००० पण, हॉलंडमध्ये १२००×१००० भरपूर. जपान ११००×११००, ऑस्ट्रेलिया ११६५ चौरस, अमेरिका ४८×४० इंच. डीलरनं ११०० वालं का सांगितलं ते त्यालाच माहीत. बायरला दोन ओळींचा मेल टाका, साइज काय आणि पॅलेटसकट उंची किती चालेल. दुसरा प्रश्न विसरू नका.

डिचोलीचा_जुना_हिशेबी
सगळे पॅलेट पॅलेट करताहेत, कोणी हे बोलत नाही की ७०० चे ५०० झाले. दोनशे खोके म्हणजे साडेचार टन माल गोव्यात राहिला आणि कंटेनरचं भाडं तेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बायरला सरळ विचारा की लूज पाठवतो, तुम्ही तिकडे उतरवून पॅलेटवर घ्या, उतरवायचे काय पैसे होतात ते सांगा. नाहीतर स्लिप शीट, म्हणजे पॅलेटऐवजी खोक्यांखाली घालायची पातळ शीट.

आणि प्लास्टिकच का? लाकडाला कीड मारायची ट्रीटमेंट करून, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवून, कणसाचा शिक्का मारून दिलं की जगभर चालतं.

कंटेनरची_गणितं
@डिचोलीचा_जुना_हिशेबी काका, हिशेब बरोबर आहे, पण बायरनं लेखी प्लास्टिक मागितलंय आणि तिकडे हातानं ७०० खोके उतरवणं म्हणजे मजुरी ऐकून तो दुसरा सप्लायर बघेल. स्लिप शीटला फोर्कलिफ्टला पकडून ओढणारं वेगळं अटॅचमेंट लागतं, ते बायरकडे असेल तरच. शिक्क्याचं लाकूड चालतं हे खरं, फक्त आपल्या पावसात तापवून आणलेलं लाकूड शेडबाहेर दोन आठवडे राहिलं की परत बुरशी धरतं, आणि काजूच्या मालाखाली हिरवं पॅलेट बघून कोण घेईल? प्लास्टिकला तो नियमच लागू नाही, शिक्का बिक्का काही नाही.

पण ७०० चा रेट ५०० ला देऊ नका, खोक्यामागचं भाडं परत काढा. हे काकांचं शंभर टक्के बरोबर.

कुंकळ्ळीचा_कोल्डवाला
आमचं मासळीचं कोल्ड स्टोरेज, उणे अठराला. तुमच्या कामाचं थोडंच आहे तरी सांगतो. मटेरियल विचारा, एचडीपीई की पीपी. थंडीत पीपी ठिसूळ होतं, फोर्क जरा जोरात लागला की पाय तुटतो, काजूला तो प्रश्न नाही. पण काळं स्वस्त पॅलेट येतं ते भंगार प्लास्टिकचं, वास मारतं कधीकधी, नाक लावून बघा. फूड ग्रेड मागितलंय तर व्हर्जिन घ्या.

आणि ओलं प्लास्टिक लोखंडी फोर्कवर साबणासारखं घसरतं, जुलैत उघड्यावर लोडिंग करताना रॅम्पवर अख्खं पॅलेट खाली आलं होतं आमचं, सुरमई सगळ्या यार्डात. वरच्या बाजूला रबरी बटणं असलेलं मिळतं, नाहीतर खोक्याखाली अँटी-स्लिप कागद घाला.

कुंडईचा_गोडाऊनवाला
सगळ्यांना देव बरें करूं. बायरचा रिप्लाय आलाय आणि डोकं धरून बसलोय. साइज १२००×१००० म्हणाला, इथवर गाडी बरोबर. पण उंची पॅलेटसकट १८०० च्या वर नको, त्याच्या रॅकचा खण तेवढाच आहे. म्हणजे माझे पाच थर १९००, बसत नाहीत. चार थर लावले तर १५५०, पॅलेटवर ४० आणि कंटेनरात फक्त ४००. मालकांना हे सांगायची हिंमत होत नाहीये. १०० मिमी उंचीचं पॅलेट मिळतं का कुठे?

वेर्णा_डिस्पॅच
१०० मिमीचं शोधू नका, हँड पॅलेट खाली घालायलाच ८५ लागतात, आत घालताना रोज कपाळाला हात. पॅलेट राहू दे, खोका बदला. ३५० चा ३३० करून घ्या, पाच थर १६५०, आणि पॅलेट १४० चं शोधा म्हणजे १७९०, फिल्म आणि वरच्या शीटला एक सेंटीमीटर उरतं. व्हॅक्यूम पाऊच मोल्डमध्ये थोडा चपटा दाबता येतो का ते प्रॉडक्शनला विचारा. परत ५०० वर आलात.

आणि खोका रिकामा मोजलाय की भरलेला? भरल्यावर पोट सुटतं त्याचं.

कुंडईचा_गोडाऊनवाला
आत्ता गोडाऊनमध्ये जाऊन भरलेला मोजला. ४०८×३०७. म्हणजे दहा खोके लावले की पॅलेटच्या बाहेर येणार?

कंटेनरची_गणितं
येणार, दोन-अडीच सेंटीमीटर. आणि ते चालणार नाही, खोक्याची ताकद कोपऱ्यात असते, कोपरा हवेत गेला की खालचा थर बसतो. खोकेवाल्याला बाहेरून ३९०×२९० द्यायला सांगा, फुगून चारशेच्या आत राहील. पाऊच त्यात बसतो का ते आधी एक सॅम्पल करून बघा, उंची ३३० पण त्याच सॅम्पलवर, भरून, वर चार भरलेले खोके दोन दिवस ठेवून. थर एकावर एक सरळ लावा, कोपऱ्यावर कोपरा, विटांसारखे नको. विटांसारखं हलत नाही पण ताकद कमी होते, फार तर शेवटचा थर फिरवा. आणि आता पावसाळ्यात जाणार असेल तर खोक्याचा पुठ्ठा पाच प्लाय (पाच कागदी थरांचा) आहे त्याचा सात प्लाय करा, फक्त सात प्लायची जाडी धरून आतलं माप परत काढा नाहीतर पाऊच जाणार नाही.

कुंडईचा_गोडाऊनवाला
सॅम्पलला सांगितलं, गुरुवारी देतो म्हणाला, म्हणजे सोमवार धरतो. लाल टेप आजच लावली.